तफीदाच्या मुलीचा फोटो उघडत नाही

"एकटीनं बघायचा, इन्शिराह. दार लावून. बघितलास की लगेच पुसून टाकायचा. पुरुषाची नजर पडता कामा नये. आणि उद्या सूर्य बुडून मगरिबची अजान व्हायच्या आत मला हो की नाही ते कळव."

माझी मैत्रीण तफीदा हे घरच्या फोनवर इतक्या हळू बोलली की मला रिसीव्हर कानात खुपसावा लागला. मी सवयीनं छातीवर हात ठेवला आणि म्हणाले, "अमानत माझ्या मानेवर." सोपवलेली ठेव जपण्याचा हा शब्द एकदा तोंडातून बाहेर पडला की मान आपली राहत नाही. माझी तर आधीच बरीच गहाण पडली आहे. सोमवार-गुरुवारचा रोजा, पहाटेचं पठण, आवाज न चढवण्याचा नेम, आणि अलीकडेच घेतलेला, निदान उन्हं उतरेपर्यंत कोणाची निंदा न करण्याचा. हा शेवटचा सगळ्यात जड. रोज्यात पोटाला ठाऊक असतं की संध्याकाळी मिळणार आहे. जिभेला तेवढा धीर नसतो.

माझा मुलगा हाझेम कुवेतला नोकरी करतो. लग्नाचा विषय निघाला की त्याच्या फोनची बॅटरी संपते. या खेपेला मात्र तो म्हणाला होता, आई, आधी तू बघ, तुला पटली तर मी रजा टाकून येतो आणि रीतसर समोर बसतो. तफीदाची सुंदुस बालवाडीत शिकवते. बाहेर पडली की तिचे फक्त डोळे दिसतात. मी तिला शेवटची उघड्या तोंडानं पाहिली तेव्हा त्या तोंडात माझ्या घरचं बिस्किट होतं आणि पुढचे दोन दात नव्हते. सरळ घरी जाऊन बघावी म्हणाल, तर ते दिसतं तितकं सोपं नाही. मुलाची आई मुलीच्या दारात उभी राहिली की ती कशाला आली ते गल्लीला कळतं, आणि ती पुन्हा आली नाही हे त्याहून लवकर कळतं. मग नाव मुलीचं जातं, मुलाच्या आईचं कधीच जात नाही. त्यातून शुक्रवारी जुम्म्याच्या नमाजेनंतर कोणा दाताच्या डॉक्टरची आई त्यांच्याकडे येणार होती. म्हणून तफीदानं ही वाट काढली: मावसबहिणीच्या मेंदीला, बायकाबायकांत, केस मोकळे सोडून काढलेला एक फोटो. तो सकाळी माझ्या मोबाईलवर यायचा होता.

मोबाईल त्याच संध्याकाळी कोबीच्या पातेल्यात पडला. भात भरून वळकट्या लावत होते, आनंदात होते, बहिणीला काहीही न सांगता बरंच काही सांगत होते, तेवढ्यात तो कानाखालून निसटला. दुरुस्तीवाल्यानं आधी त्याचा वास घेतला, जिरं चांगलं पडलंय म्हणाला, आणि शनिवारी या म्हणाला.

तरी मी घाबरले नाही. हाझेमनं जाताना बैठकीच्या खोलीत मोठा संगणक जोडून दिला आहे, आणि माझे सगळे निरोप त्यावरही येतात. त्याचा पडदा खिडकीएवढा आहे आणि तोंड बरोबर दाराकडे. आमचे हे, म्हणजे अबू हाझेम, त्यावर दिवसभर एकट्यानं पत्ते खेळतात आणि हरतात. शिवाय हा संगणक पाचही वेळा अजान देतो. आमच्या मशिदीचा भोंगा आजारी असल्यापासून इथे इजिप्तमधल्या मन्सूरात आमची अख्खी इमारत आमच्याच संगणकाच्या अजानवर उठते, बसते आणि रोजा सोडते. याचा मला थोडा अभिमान होता. तो होता, असंच आता म्हणायला हवं.

गुरुवारी सकाळी फोटो आला. आला म्हणजे एक चौकोन आला. वर काळसर-तांबूस, खाली हिरवट, मध्ये गुलाबी, सगळं भिजलेल्या रंगांसारखं पसरलेलं, आणि त्यावर एक गोल बाण गरागरा फिरतोय. अबू हाझेम चहाचा पेला घेऊन मागे उभे.

"टरबूज आहे का?" त्यांनी विचारलं.

मी नमाजेची पांढरी ओढणी काढून पडद्यावर टाकली. मनात विचार सुरू झाला: पुरुषाची नजर तर पडली, पण ती टरबुजावर पडली. हे मोजायचं की नाही? इमामसाहेबांना विचारावं, तर आधी सगळं सांगावं लागणार, आणि सांगितलं की अमानत गेली. मी तीनदा क्षमा मागितली आणि ओढणीचं एक टोक उचलून बाण दाबला. बाण फिरला, थांबला, आणि खाली वाक्य आलं की फोटो उतरवता आला नाही, पाठवणाऱ्याला पुन्हा पाठवायला सांगा.

पाठवणाऱ्याला सांगितलं. तिनं पुन्हा पाठवला. आता दोन टरबुजं झाली. मी पुन्हा फोन लावला तेव्हा तफीदाचा आवाज बदलला होता.

"आवडली नसेल तर सरळ सांग, इन्शिराह. फोटो उघडत नाही हे बहाणे आम्हाला परक्या लोकांनी पुष्कळ ऐकवलेत. तू नको ऐकवूस."

मी शपथा घेत नाही, तोही एक नेम आहे, त्यामुळे मला फक्त "खरंच उघडत नाही गं" एवढंच म्हणता आलं. आणि हे वाक्य जितकं खरं तितकं ते खोटं वाटतं. मी फोन ठेवला. लहानपणापासूनची मैत्रीण, तिच्या मुलीची लाज माझ्या बैठकीच्या खोलीत एका ओढणीखाली अडकून पडलेली, आणि ती नदीपलीकडे तल्ख्यात बसून समजत होती की मी तिची मुलगी नापसंत केली.

अबू हाझेमनी उपाय सुचवला. पुरुषांकडे यंत्रांसाठी एकच उपाय असतो: बंद करून चालू करणं. बंद केला. चालू होताना त्यानं कळवलं की तो स्वतःत काही सुधारणा करतो आहे, कृपया हात लावू नका. मी दुपारची जुहरची नमाज केली, कपडे वाळत टाकले, काढले, घड्या केल्या, तरी त्याची सुधारणा चालूच. माणसानं इतक्या वेळात तौबा करून हजसुद्धा उरकली असती.

तेवढ्यात समोरच्या घरातली बहीगा आमचं भांडं परत करायला आली. बहीगाबद्दल मी काही बोलणार नाही. उन्हं उतरायला अजून वेळ होता. तिनं भांडं दिलं आणि ओढणीकडे बघत राहिली. मग म्हणाली, "हज्जा, संगणकाला पदर का दिलात? वारला की काय?"

खोटं बोलायचं नाही, खरं सांगायचं नाही. मी म्हणाले, "त्यात एक अमानत आहे."

हे मी म्हणायला नको होतं. भांडं परत करायला तिला चार पावलं लागतात, पण परत जाताना ती तळमजल्यावरून गेली असावी. कारण थोड्याच वेळात खालची बाई वर येऊन हळूच विचारून गेली की सोनं हल्ली संगणकातही ठेवता येतं का, आणि तिथे चोरापासून सुरक्षित असतं का.

बहीगानंच पुण्याचं काम म्हणून वरच्या मजल्यावरच्या शुक्रीसाहेबांना पाठवलं. आमच्याकडे गणित येणाऱ्या कोणालाही लोक बाशमुहंदिस, म्हणजे मोठे इंजिनियर, म्हणून मान देतात. शुक्रीसाहेब खरोखरच मोठे इंजिनियर होते, फक्त पाटबंधाऱ्यांचे. त्यांना दारातूनच परत पाठवणं माझ्या नेमात बसत नव्हतं आणि आत घेणं अमानतीत बसत नव्हतं. शेवटी मी त्यांची खुर्ची भिंतीकडे तोंड करून मांडली. ते बसले. भिंतीवर आमच्या सासऱ्यांचा, हज्ज मितवल्लींचा फोटो आहे. पुढचा सगळा सल्ला त्यांनी सासऱ्यांना उद्देशून दिला.

"हज्जा, पाणी येत नाही तेव्हा शेतकरी खालचे पाट उकरत बसतो," ते म्हणाले. "अडथळा नेहमी वरच्या अंगाला असतो. वर काय आहे?"

संगणकाची सुधारणा एव्हाना उरकली होती. मी ओढणीखाली डोकं घालून, जमेल तितकं वर बघत, जे लिहिलंय ते वाचत गेले. ते सांगत, हे दाबा, ते मोकळं करा, जुना गाळ काढा. गाळ काढताना अबू हाझेमचा पत्त्यांचा सगळा इतिहास वाहून गेला. ते स्वयंपाकघरात जाऊन बसले. मग शुक्रीसाहेब म्हणाले, आता मुख्य दरवाजाच बंद करा, म्हणजे इंटरनेटची पेटी. ती बंद केली आणि समोरून बहीगाची किंकाळी आली. तिची मालिका आमच्याच पेटीवर चालते हे त्या दिवशी मला कळलं. पेटी चालू केली. टरबुजं जिथल्या तिथे. उन्हं कलली होती. तफीदाचा फोन वाजून थांबला, आणि तो उचलायचं मला धैर्य झालं नाही.

तेव्हा मला कंपनीची मदत-सेवा सुचली, आणि वाटलं, अल्लाहनं दार उघडलं. टेलिफोनवरच्या माणसाला काही दिसत नाही. त्याच्यापुढे खुर्ची फिरवायला नको. वाट बघायला लावणारी धून मी धीरानं ऐकली. मग एक मऊ आवाजाचा तरुण आला आणि त्यानं विचारलं, लाइन कोणाच्या नावावर आहे.

"हज्ज मितवल्ली. माझे सासरे."

"मग त्यांना फोन द्या, मॅडम."

"ते वारले."

"अल्लाह त्यांना क्षमा करो. पण नाव बदलायला त्यांनी स्वतः यायला हवं होतं."

मी म्हणाले की त्यांच्या मनात पुष्कळ गोष्टी राहून गेल्या. तो म्हणाला, नियमाप्रमाणे तक्रार फक्त ग्राहकाची घेता येते. अबू हाझेम स्वयंपाकघरातून हातवारे करत आले: मी बाबांच्या आवाजात बोलतो, आवाज अगदी त्यांचाच आहे. रोज्याच्या दिवशी या घरात मेलेला माणूस खोटं बोलणार नाही, एवढं मी त्यांना डोळ्यांनीच सांगितलं. मग, कोण जाणे कसं, दिवसभराचा ताण होता म्हणून असेल, माझ्या डोळ्यांना पाणी आलं आणि मी त्या अनोळखी पोराला म्हणाले, "बाळा, लाइन कोणाचीही असो, अमानत माझ्या मानेवर आहे. एक आई मला खोटारडी समजून बसलीय."

तो म्हणाला, "नियमानं मला काही सांगता येत नाही. तुम्ही फक्त पडद्याच्या खालच्या कोपऱ्यात किती वाजलेत ते वाचा."

"कोणते वाजलेले? सरकारचे की अजानचे?"

मग मला उलगडून सांगावं लागलं. सरकारनं उन्हाळ्यात घड्याळ तासभर पुढे करायची जुनी पद्धत परत सुरू केली. संगणकानं ती निमूटपणे पाळली. पण त्यातला अजानचा कार्यक्रम हाझेमच्या शाळेच्या दिवसांतला. त्याला हे कोणी सांगितलं नाही. तो एक तास आधीच अजान द्यायला लागला. सूर्य काही सरकारी नोकर नाही, म्हणून मी स्वतः संगणकाचं घड्याळ तासभर मागे ओढून ठेवलं होतं. अजान अगदी वेळेवर. भिंतीवर सरकारचं घड्याळ, संगणकात सूर्याचं. यात चूक कुठे होती?

"मॅडम," तो पोरगा फार अदबीनं म्हणाला, "तुमचा संगणक फोटो मागतो तेव्हा मागणीवर तासापूर्वीची वेळ पडते. शिळी मागणी तिकडे कोण घेणार? साध्या निरोपाला ते चालवून घेतात, फोटोच्या बाबतीत कडक आहेत. घड्याळ पुढे करा."

भिंतीकडे तोंड करून शुक्रीसाहेब म्हणाले, "मी म्हणालोच होतो, अडथळा वरच्या अंगाला आहे."

घड्याळ पुढे करायचं म्हणजे मगरिबची अजान तासभर आधी होणार, हे माझ्या लक्षात होतं. या भयानं मी आधी अबू हाझेमना स्पीकरचा आवाज बंद करायला सांगितलं. त्यांनी बटण फिरवलं आणि बंद केला म्हणाले. बटण त्यांनी उजवीकडे फिरवलं होतं. मी घड्याळ पुढे सरकवलं, आणि ओढणीखाली बाण हलताना बघत असतानाच आमच्या संगणकानं अशी अजान दिली की हज्ज मितवल्लींचा फोटो भिंतीवर थरथरला.

ओढणी खाली पडली. शुक्रीसाहेब खुर्चीत वळायला लागले. दारात बहीगा, हातात पेला, चेहरा पांढरा. समोर तिच्या म्हाताऱ्या सासऱ्यांनी आमच्या भरवशावर भर उन्हात चिंचेचं सरबत पिऊन रोजा सोडला होता. आणि माझ्यामागे पडद्यावर ते चौकोन उघडत असणार, हे मला पाठीला जाणवलं. मी दोन्ही हात पसरून पडद्याला पाठ लावली. आवाज चढवायचा नाही हा नेम त्याही वेळी मोडला नाही. मी हळूच म्हणाले, "सगळ्यांनी डोळे मिटा."

आणि काय असेल ते असो, सगळ्यांनी मिटले. बहीगानंसुद्धा. अबू हाझेमनी तर वर हातही ठेवला.

मी त्यांना एकेकाला तसंच दाराबाहेर काढलं. शुक्रीसाहेबांना चौकट लागली. बहीगाच्या सासऱ्यांना निरोप पाठवला की तुमच्या रोज्याचं ओझं माझ्यावर, उद्याचा तुमच्या वाटचा मी धरीन. उलट निरोप आला की सरबत फार छान होतं, काळजी नको. दाराला कडी घातली. पाठमोरीनंच ओढणी उचलून पडदा झाकला. अजानचं बटण डावीकडे फिरवलं.

आता एवढंच उरलं होतं. एकटीनं. दार लावून. मी बिस्मिल्ला म्हटलं आणि ओढणीला हात घातला. तेवढ्यात टिंग झालं, आणि खालच्या कोपऱ्यात, ओढणी जिथे पुरत नव्हती तिथे, एका अनोळखी नंबरचा निरोप उजळला.

"मावशी, मी सुंदुस. आईनं माझा मेंदीतला फोटो तुम्हाला पाठवलाय हे मला आत्ता कळलं. मला विचारलं नव्हतं. उघडला नसेल तर कृपा करून उघडू नका. तुम्हाला मला बघायचं असेल तर घरी या. मी चहा करीन आणि समोर बसेन."

मी खुर्चीत बसले. दिवसभर ज्या एका चौकोनासाठी मी एका इंजिनियरला भिंतीकडे बसवलं, नवऱ्याचे पत्ते बुडवले, एका म्हाताऱ्याचा रोजा मोडला, तो बोटभर अंतरावर उघडा पडला होता. खरं सांगते, बघावंसं वाटलं. कोणाला कळणार होतं? आईनं तर बघ म्हणूनच सांगितलं होतं. बघणं हाच दिलेला शब्द होता. पण अमानत ज्याची त्याच्याकडेच परत जाते, आणि हा चेहरा तफीदाचा नव्हता. तिनं मला जे सांभाळायला दिलं ते द्यायचा तिलाच हक्क नव्हता, बिचारीला. दाताच्या डॉक्टरच्या आईनं तिला घाबरवलं होतं.

मी ओढणी न उचलता, उघड्या राहिलेल्या डाव्या कडेच्या नावांच्या यादीतून तफीदाचं नाव शोधलं आणि तिचं सगळं संभाषण बाहेरच्या बाहेर पुसून टाकलं. आजवरच्या सगळ्या शुक्रवारच्या सकाळच्या शुभेच्छा, तिचे गुलाब, तिच्या पहाटा, दुवा लिहिलेली कबुतरं, सगळं गेलं. दोन्ही टरबुजंही गेली. मग सुंदुसला लिहिलं: "बघितला नाही, बेटा. पुसला. मी येते."

लिहिल्यावर कळलं की आपण काय लिहिलं. मुलाची आई मुलीच्या दारात. संध्याकाळच्या वेळी, अख्खी गल्ली बाल्कन्यांत बसलेली असताना. गेले की गेलेच. मग ते फक्त चहा पिणं राहत नाही.

दार उघडलं तेव्हा अबू हाझेम बाहेर तसेच उभे होते. डोळे अजून मिटलेले, की उघडून परत मिटले होते, कोण जाणे.

"कशी आहे मुलगी?" त्यांनी विचारलं.

"माहीत नाही."

"अगं, मग दिवसभर आपण काय केलं?"

मी हात-तोंड धुतलं, स्वच्छ पांढरा रुमाल डोक्याला बांधला, आरशात बघून पुन्हा नीट बांधला. तफीदाचा फोन आला तर सांगा की ती निघालीय, एवढं त्यांना सांगितलं. पर्समध्ये तीन खजूर कागदात गुंडाळून ठेवले, कारण पूल ओलांडेपर्यंत खरी मगरिब होणार होती. रीत म्हणून मिठाईचा खोका न्यावा का, हे जिना उतरताना मनात आलं. खोका म्हणजे डंका. मग म्हटलं, जिला बघायचं तिनं स्वतः बोलावलंय, रिकाम्या हातानं जाऊन बसणं हेच बरं.

मधल्या वळणावर बहीगा उभी होती. तिनं माझ्या रुमालाकडे बघितलं, पर्सकडे बघितलं.

"कुठे निघालात हज्जा, एवढ्या नटून?"

"चहाला."

"रोजा असताना?"

"पोहोचेपर्यंत सुटेल," मी म्हणाले, आणि कठड्याला धरून हळूहळू खाली उतरले.